नवोन्मेष नगरीचे संमतिपत्र

नवोन्मेष नगरी (नियोजित),
इच्छापोरच्या पलीकडे, सुरत
३ डिसेंबर २०२३

तीर्थरूप सौ. प्रमिलाअक्काच्या चरणी धाकट्या हेमराजचे दंडवत, आणि मेहुणे हिलालराव यांस यथायोग्य नमस्कार.

पत्र पाहून तू दचकशील. दचकू नकोस, कोणी गेलेले नाही. ज्या नगरीत मी गेल्या महिन्यापासून 'भाषाधिकारी' या पदावर विराजमान आहे, तिथला मोबाइलचा मनोरा नकाशावर सुप्रतिष्ठित असला, तरी भूतलावर अद्याप अवतीर्ण झालेला नाही. म्हणून ही लेखणी. दर रविवारी मजुरांना लिंबायतला सोडणारा टेम्पोवाला पांडुरंग हे पत्र तुझ्या हाती देईल व संध्याकाळी तुझे उत्तर घेऊन परतेल.

तुला ठाऊकच आहे, मराठी शाळेत सव्वीस वर्षे संस्कृत शिकवून मी विद्यार्थिवर्गाचा असा काही निःपात केला, की अखेरच्या वर्षी वर्गात मुलांपेक्षा पंखे अधिक होते. शाळा मिटली. माझी विद्वत्ता उघडी पडली. तिला या नगरीने वस्त्र दिले.

आता नगरीचे वर्णन ऐक. चारी दिशांना वेडी बाभूळ आणि मधोमध खाडीची खारी जमीन. बाभळीच्या समूळ उच्चाटनार्थ तीन जेसीबी यंत्रे पाचारण केली आहेत. यंत्रे वरचे झाड मोडतात, मुळांवर माती पसरतात, छायाचित्र निघते आणि 'वननिर्मूलन संपन्न' असा अहवाल मुख्य कार्यालयात जातो. अहवालाची प्रत बाभळीला मिळत नसल्यामुळे ती चौथ्या दिवशी पुन्हा उगवते. आजवर हे अरण्य तीन वेळा समारंभपूर्वक नष्ट झाले असून प्रत्येक खेपेस अधिक दाट झाले आहे.

नकाशात रुग्णालय तांबडे, विद्यालय पिवळे आणि उद्यान हिरवे आहे. प्रत्यक्षात तिन्ही करडी. रुग्णालयाच्या जागी दुपारी म्हशी बसतात. त्यांतली एकही आजारी नाही. आरोग्यव्यवस्थेचे याहून उत्तम प्रमाणपत्र कोणते?

माझे मुख्य कार्य म्हणजे कामगारांच्या संमतिपत्राचे मराठी करणे. तुमचे शेठ आपले माग इकडे हलवणार, आणि तुमच्या गल्लीतील त्यांच्या बावीस खोल्यांतल्या कुटुंबांना इथे नवी घरे देणार, ही वार्ता तुझ्या कानी आलीच असेल. त्यासाठीचा कागद मी घडवला. पानभर एकच वाक्य. पूर्णविराम एकच, तोही जागा संपली म्हणून. प्रकल्पप्रमुख भूपेंद्रभाईंना मराठी वाचता येत नाही. त्यांनी कागद हातावर तोलून पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, आ तो मंत्र छे!" मी कृतार्थ झालो.

या पुण्यभूमीचा महिमा एका वाक्यात सांगायचा, तर इथे ज्याचे पाऊल एकदा पडेल, त्याचे पाऊल पुन्हा बाहेर निघणे नाही.

तुझा, बाभळीखालोखाल या नगरीत तग धरून असलेला,
हेमराज


लिंबायत
१० डिसेंबर २०२३

चि. हेमराज यास अक्काचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. फोन असताना सहा-सहा महिने फोन करत नव्हतास, आणि फोन बंद पडला तर चार पानं लिहितोस. तुझं असंच.

मी सातवी पास आहे, मला वाचता येतं. पण तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. म्हणून धुडकूआबांना बोलावलं. श्रावणात आपल्या गल्लीत पोथी लावतात ते आबा. त्यांनी हात धुतले, टोपी घातली, ओट्यावर मांडी घालून बसले आणि तुझं पत्र पोथीसारखं सुरात वाचलं. बायका जमल्या. चंचल तव्यावरची भाकरी सोडून आली. "ज्याचे पाऊल एकदा पडेल" हे आबांनी दोनदा वाचलं, तेव्हा जयश्रीच्या सासूचे डोळे भरून आले. शेवटी सगळ्यांनी हात जोडले. मीपण जोडले, काय करू?

म्हशींचं कोणाला समजलं नाही. मग आबांनी समजावून सांगितलं, की तिथे माणसांचा आणि जनावरांचा दवाखाना एकत्रच आहे. लोक फार खूश झाले.

खरं सांगू, मला वाटलं तू थोडी मस्करी करतोस. तसं मी आबांना म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "बाई, एवढे मोठे शब्द मस्करीत कोण खर्च करतं?"

एकच विचारते. पाणी किती वेळ येतं? इथे सकाळी एक तास येतं आणि त्यात बावीस घरं भांडतात. चंचलने मुद्दाम विचारायला सांगितलंय. सरळ सांग.

हे बरे आहेत. रात्रपाळी करून कान आणखी गेलेत.

तुझी अक्का


नवोन्मेष नगरी (अद्याप नियोजित)
२४ डिसेंबर २०२३

तीर्थरूप अक्कास दंडवत.

तुझ्या पत्राने मला आठवडाभर पुरेल इतके हसू दिले. सव्वीस वर्षांत मला जो श्रोतृवर्ग लाभला नाही, तो तुझ्या ओट्यावर बसला आहे! धुडकूआबांची विनोदबुद्धी तर माझ्याही वरताण. माणसांचा व जनावरांचा दवाखाना एकत्र, ही टीका मी इथे कोणाला ऐकवू शकत नाही याचे दुःख आहे. आबांना माझे अभिवादन सांग आणि म्हणावे, लांब समासानंतर श्वास घेत जा, वय झाले.

चंचलबाईंना जलसौख्याविषयी काय सांगावे? इथे वर्णन करणारी वाणी थिटी पडते. दिवसातून दोनदा सागर स्वतः येऊन चौथ्या सेक्टरची विचारपूस करून जातो. उधाणाच्या दिवशी तर तो पहिल्या सेक्टरपर्यंत आतिथ्य स्वीकारतो. असे पाणी समस्त सुरतेत कोणाच्या नशिबी नाही. भांडण करायचेच म्हटले तरी कोणाशी करणार?

गृहनिर्माणही प्रगतिपथावर आहे. एक नमुनागृह उभे राहिले आहे. त्याच्या स्वयंपाकघरातील तोटी रुप्यासारखी चकाकते. रविवारी पाहुणे येतात, तोटी डावीकडे फिरवतात, उजवीकडे फिरवतात आणि तृप्त होऊन जातात. मी त्यांचे स्वागतपर भाषण करतो, म्हणून रविवारी लिंबायतला येणे होत नाही.

पंधरा रस्त्यांचे बारसे मी केले. श्रमसाफल्य पथ, उद्योगवैभव मार्ग, कर्मयोग चौक. रस्ते व्हायचे आहेत. बाळाआधी बारसे, ही इथली रीत. मागच्या गुरुवारी भूमिपूजन झाले. नारळ फोडायला दगड मिळेना. मग भूपेंद्रभाईंनी तो जमिनीवर आपटला, तर चिखलात रुतून बसला. त्यावर त्यांनी घोषणा केली, की भूमीने नैवेद्य साक्षात स्वीकारला. टाळ्या पडल्या. माझ्याही दोन.

गल्लीच्या सेवेशी तत्पर,
हेमराज


लिंबायत
७ जानेवारी २०२४

चि. हेमराज यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी ओट्यावर जागा पुरली नाही. पाण्याचं ऐकून चंचल तर रडायलाच लागली. मला म्हणाली, "ताई, दिवसातून दोनदा! आणि भांडायला कोणी नाही!" आबांनी सागराचा अर्थ सांगितला, की तिथे सागर नावाची मोठी टाकी असेल. तुझा शब्द कसा फिरवतात, पण छान सांगतात.

बातमी आहे. कंपनीचा महेश येऊन गेला. कागद आणले. तुझं मराठी बघून आबांनी कागद कपाळाला लावला. महेशने आमच्याच घरापासून सुरुवात केली, मास्तरची बहीण म्हणून. आमचा फोटोपण काढला.

सगळे मला विचारायला येतात, "ताई, यात काय लिहिलंय?" मी सांगते, नव्या घराचा अर्ज आहे. खरं तर पहिल्या तीन ओळींनंतर माझं डोकं गरगरतं. पण तुझी बहीण आणि सातवी पास, मला समजत नाही असं कोणाला सांगू? आबांनासुद्धा मी विचारलं नाही, आणि त्यांनीही स्वतःहून काही सांगितलं नाही. तेरा घरांनी सह्या करून कागद देव्हाऱ्यात ठेवलेत. बाकीचे या आठवड्यात करतील. २१ तारखेला महेश सगळे गोळा करून नेणार.

शेठच्या माणसाने आज विचारलं, खोल्या कधी रिकाम्या करता? मी म्हटलं, नवी घरं मिळाली की करू. तो हसला आणि गेला. तो का हसला ते तू लिही.

अक्का


८ जानेवारी २०२४

अक्का,

रविवारपर्यंत थांबता येत नाही. पाण्याच्या टँकरवाल्याच्या हाती हे देतोय. होय, इथे पाणी टँकरने येतं. हे पत्र आबांना देऊ नकोस. स्वतः वाच. मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलंय.

सह्या करू नका.

मी लिहिलं ते सगळं कुचेष्टेनं लिहिलं होतं. मला वाटलं, तुम्ही ओट्यावर बसून हसताय. आबांची उत्तरं मला विनोद वाटली. सागर म्हणजे खाडीचं खारं पाणी, ते घरात शिरेल असं. घर एकच आहे, दाखवायचं, आणि त्याच्या नळात पाणी नाही. पाऊल बाहेर निघत नाही, कारण गुडघाभर चिखल आहे.

कागदाची अकरावी ओळ बघ. तिथे लिहिलंय, की नवं घर मिळो वा न मिळो, लिंबायतची खोली आम्ही राजीखुशीने सोडली. तुमचा चाळीस वर्षांचा ताबा आहे. तुम्ही लिहून दिल्याशिवाय शेठ तुम्हाला हलवू शकत नाहीत. म्हणून हा कागद. शेठचा माणूस म्हणून हसला.

ती ओळ मी लिहिली. मूळ गुजराती कागदात ती सरळ होती. मी तिला नटवलं. ती कोण वाचणार आहे, हा विचार माझ्या मनात आला नाही. भूपेंद्रभाई खूश होतील एवढाच आला.

सगळ्यांना सांग. फक्त मी सांगितलं असं सांगू नकोस. माझी नोकरी जाईल.

हेमराज


लिंबायत
१५ जानेवारी २०२४

हेमराज,

आशीर्वाद मागाहून.

टँकरवाल्याने तुझं पत्र कालच पोहोचवलं, हे उत्तरही त्याच्याच हाती देते. काल उत्तरायण. सगळी गल्ली गच्चीवर पतंगांत. मी ओरडून एकेकाला खाली उतरवलं आणि ओट्यावर उभं राहून तुझं पत्र मीच वाचलं. तुझं नाव घेऊन. बावीस घरांना फसवायचं तुझ्या नावानं, आणि सांगायचं कोणाच्या नावानं?

कोणी विश्वास ठेवीना. चंचल म्हणाली, "हे हेमराजभाऊंचं पत्र? यात एकसुद्धा मोठा शब्द नाही." आबांनी कागद मागून घेतला, उलटापालटा केला, आणि म्हणाले, "ही त्याची भाषाच नव्हे. कोणीतरी दटावून लिहून घेतलंय. त्याला तिथून काढायचा डाव दिसतो." रामदास म्हणाला, "ताईला जायचं नसेल, म्हणून आपल्यालाही अडवते." तुझ्यापायी हेही ऐकलं.

हे एवढा वेळ माझ्या शेजारी कान लावून बसले होते. ऐकू येत नाही म्हणून आम्ही त्यांना सोडूनच बोलत असतो. ते उठले आणि म्हणाले, "माझा शालक तीस वर्षांत सरळ बोललेला मी पाहिला नाही. तो सरळ बोलायला लागला, म्हणजे घर खरंच बुडालं."

मग मी संमतिपत्र घेतलं, अकराव्या ओळीवर बोट ठेवलं आणि आपल्या बोलीत सांगितलं, "या कागदमा लिखेल शे, नवं घर भेटो का ना भेटो, आपली खोली आपन सोडी दिन्ही." त्यानंतर कोणी वर पाहिलं नाही. डोक्यावर पतंग कापले जात होते, ओरडायला कोणी नव्हतं. आबांनी टोपी काढली. म्हणाले, "मलापण नव्हतं समजलं. तुम्ही सगळे समजल्यासारखे बसला होता, म्हणून वाचत गेलो."

म्हणजे बघ. लिहिणाऱ्याला पर्वा नव्हती, वाचणाऱ्याला समजत नव्हतं, आणि ऐकणाऱ्यांना विचारायची लाज.

बावीस घरं. एकवीस कागद देव्हाऱ्यातून काढून चुलीत गेले. बाविसावा गेला नाही. तो आमचा. महेशने फोटो काढला त्याच दिवशी तो सही करून घेऊन गेला होता. मागच्या पत्रात तुला लिहिलं नाही; तेव्हा त्याचा अभिमान होता, भेटल्यावर तोंडानेच सांगणार होते. पहिली सही मास्तरच्या बहिणीची. आता शेठचा माणूस रोज आमच्याच दारात उभा राहतो. फेब्रुवारीत खोली रिकामी करा म्हणतो. हे ताट समोर घेतात आणि उठून जातात.

टेम्पो दर रविवारी इथे येतो. काल मजुरांत तुझ्यापुरती एक जागा झाली नसती का? पत्र पाठवलंस. घरं बुडवायलाही पत्र आणि वाचवायलाही पत्र.

प्रमिला


नवोन्मेष नगरी
२१ जानेवारी २०२४

अक्का,

टेम्पोत जागा होती. मी चढलो नाही. गल्लीत कोणी मला 'मास्तर' म्हणून हाक मारली असती, तर मला उभं राहता आलं नसतं.

काल भूपेंद्रभाईंकडे जाऊन तुझा कागद परत मागितला. ते म्हणाले, सही केली आहे, शिकलेली बाई आहे, समजून केली आहे. मी म्हटलं, समजून केलेली नाही. ते म्हणाले, कशावरून? मराठी तर तुम्हीच लिहिलंय, आणि उत्तम लिहिलंय असं तुम्हीच सांगत होता.

तेव्हा मी त्यांना लेखी दिलं. नक्कल तुझ्यासाठी उतरवतो:

"मी हेमराज, लिहून देतो, की हे संमतिपत्र मी लिहिले. ते कोणाला समजावे म्हणून लिहिलेले नाही; भारदस्त दिसावे म्हणून लिहिले. त्यातील अकरावी ओळ समजण्यासाठी ती मला स्वतःला दोनदा वाचावी लागते. सही करणाऱ्या माझ्या भगिनीस ती समजली असणे अशक्य आहे. या कागदाच्या दुर्बोधतेची संपूर्ण जबाबदारी माझी आहे."

सव्वीस वर्षे मुलांची उत्तरं तपासताना मी 'अर्थबोध होत नाही' असा शेरा मारत आलो. काल तो पहिल्यांदा योग्य माणसाला मिळाला.

आता ऐक. तुला गुरुवारी, २५ तारखेला, रिंग रोडवरच्या त्यांच्या कार्यालयात बोलावलंय. मला आत येऊ देणार नाहीत. ते तुला कागद दाखवून विचारतील, हा समजला होता का? तू म्हणायचंस, नाही. एवढंच. पुढे-मागे काही जोडायचं नाही. मला माहीत आहे, सातवीच्या निकालापासून आजवर तू हे वाक्य कोणापुढे उच्चारलेलं नाहीस. आणि ज्याच्यामुळे उच्चारावं लागणार, तोच तुला ते उच्चारायला सांगतोय.

माझी चिंता करू नकोस. माझ्या पदाचंही उच्चाटन आता संपन्न होईल.

हेमराज


लिंबायत
२८ जानेवारी २०२४

चि. हेमराज यास आशीर्वाद.

गुरुवारी गेले. हे सोबत होते. चंचल आणि आबाही आले, नको म्हटलं तरी. आबांनी धुतलेली टोपी घातली होती.

भूपेंद्रभाईंनी खुर्ची दिली, चहा दिला. कागद पुढे सरकवून म्हणाले, "बेन, आ तमारी सही छे?" मी म्हटलं, माझीच. म्हणाले, "तो पछी? वांच्या वगर सही करी?" मी म्हटलं, वाचलं साहेब. समजलं नाही.

हे एवढं बोलायला मला किती वेळ लागला, ते यांना विचार. चहावर साय धरली होती.

साहेब म्हणाले, सातवी पास, आणि भावाचं मराठी समजत नाही? मी म्हटलं, नाही समजत. गल्लीत सगळ्यांना समजलं म्हणून सांगितलं, ते खोटं सांगितलं. समजलं नाही म्हणायची लाज वाटली. चंचल माझ्या पाठीशी उभी होती, तिच्यादेखत सांगितलं.

त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी ऑफिसातल्या अर्चनाबाईंना बोलावलं. पुण्याच्या आहेत, मराठी शिकलेल्या, बँकेत होत्या. म्हणाले, वाचा आणि सांगा, हिने काय कबूल केलंय. बाईंनी एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "सर, कोणीतरी कोणाला तरी काहीतरी देतंय. कोण, कोणाला आणि काय, ते मी छातीठोक नाही सांगू शकत."

साहेब हसले. मग त्यांना कळलं, की बाकीचे एकवीस कागदही असेच असणार होते आणि कोर्टात कोणीतरी असंच वाचून दाखवलं असतं. मग हसले नाहीत. त्यांनी आमच्या कागदावर आडवी रेघ मारली, खाली सही केली आणि माझ्या हातात दिला. आबांनी तो वाचायला मागितला. मी दिला नाही.

खोली राहिली. शेठचा माणूस काल आला नाही. तो परत येईल, नवा कागद घेऊन, तेव्हाचं तेव्हा. हे काल दोन भाकरी जेवले.

तुला सोमवारपासून यायचं नाही, असं साहेबांनी सांगायला सांगितलं. तेव्हा हे पत्र मिळताच पांडुरंगच्या टेम्पोत बस. ओट्यावर खाट आहे. मास्तर म्हणून कोणी हाक मारणार नाही, ते मी बघते.

निघताना साहेब मला म्हणाले, "पण बेन, तुमचा भाऊ लिहितो भारी." मी म्हटलं, "भारीच लिहितो साहेब. तासभर ऐकत बसावं असं लिहितो. सही तेवढी करू नये."

तुझी अक्का